वेवोस रांचेरोस : मेक्सिकोतील अंड्यांची न्याहारी, तिची टॉर्टिया आणि तिचा साल्सा

लेखन : पाटावरवंटा (गुआदालाहारा, मेक्सिको)

वेवोस रांचेरोस हा मेक्सिकोतील अंड्यांचा बहुधा सर्वांत परिचित नाश्ता आहे. तो घरी करून पाहणाऱ्या आपल्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते : टोमॅटोचा साल्सा आणि अंडे दोन्ही चांगले जमूनही खालची पोळी एक तर वातड होते, नाही तर साल्सात भिजून तिचा लगदा होतो. म्हणून या धाग्यात मी मुख्यतः या पोळीविषयी, म्हणजे मक्याच्या टॉर्टियाविषयी, आणि साल्सा शिजवण्याच्या पद्धतीविषयी लिहिणार आहे. माझ्या मते हा पदार्थ या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि अंडे तळणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

येथील शेतमळ्यांवर आणि गुरांच्या वाड्यांवर माणसे पहाटे नुसती कॉफी आणि गोडसर पाव घेऊन कामाला लागत आणि काही तास राबून झाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, पोटभर खात. वेवोस रांचेरोस हे त्या दुसऱ्या खाण्यातले. आदल्या दिवशीच्या उरलेल्या टॉर्टिया, चुलीवर शिजत ठेवलेला घेवडा, खुराड्यातली अंडी आणि परसातले टोमॅटो-मिरच्या एवढ्यावर ते भागत असे. आजही घरगुती खाणावळींत, ज्यांना येथे फोंदा म्हणतात, सकाळी उशिरा येणारे गिऱ्हाईक हेच मागवते आणि त्यानंतर दुपारच्या दोन-तीन वाजेपर्यंत जेवणाचे नाव काढत नाही.

या एका ताटलीत दोन जगे एकत्र आलेली आहेत. मका, टोमॅटो, मिरची, घेवडा आणि अवोकाडो ही या मातीतली पिके आहेत, तर कोंबडी, डुकराची चरबी, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि चीज या गोष्टी स्पॅनिश लोकांबरोबर समुद्रापलीकडून आल्या. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडण्यापूर्वी येथे टर्की पाळत असत आणि तिची अंडीही खात असत, परंतु तळण्याची रीत स्वयंपाकात जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे तळलेले अंडे आणि तेलात परतलेला साल्सा हे दोन्ही त्यानंतरचे आहेत. टॉर्टिया मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मका, घेवडा आणि मिरची यांच्याबरोबरच मका चुन्यात शिजवण्याच्या प्रक्रियेचाही स्वतंत्र उल्लेख केला होता. मला हा उल्लेख फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरच्या देशांत मका गेला तेव्हा ही प्रक्रिया त्याच्याबरोबर गेली नाही.

टॉर्टियासाठी वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी धुऊन त्याची साले काढतात आणि मग तो ओला वाटतात. या शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. घरी पिठापासून सुरुवात करायची असल्यास याच प्रक्रियेने केलेल्या मक्याचे वाळवलेले पीठ मिळते आणि मसेका हे त्यातले सर्वत्र आढळणारे नाव आहे. २ वाट्या पिठाला सुमारे दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मळावे आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे. गोळी तळहातांत दाबल्यावर तिच्या कडांना भेगा पडल्या तर पाणी कमी आहे, आणि गोळी हाताला चिकटली तर ते जास्त झाले आहे. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळी ठेवून पुरीच्या यंत्राने किंवा सपाट बुडाच्या पातेल्याने दाबावी. टॉर्टिया सुमारे १५ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असावी.

तवा चांगला तापलेला हवा. येथे मातीचे किंवा लोखंडाचे कोमाल वापरतात, आपला बिडाचा तवा त्याला अगदी योग्य आहे. पहिली बाजू १५-२० सेकंदांत उलटावी, दुसरी बाजू डाग पडेपर्यंत, म्हणजे पाऊण मिनिटभर, भाजावी आणि पुन्हा उलटल्यावर मध्यभागी बोटांनी हलके दाबावे, म्हणजे पापुद्रा सुटून टॉर्टिया फुगते. भाजलेल्या टॉर्टिया लगेच फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, कारण त्यांचा मऊपणा त्या वाफेतच येतो.

आता साल्सा. चौघांना ८ अंडी धरल्यास १ किलो लाल, पिकलेले पण घट्ट टोमॅटो, ३-४ हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा आणि सालीसकट २ लसूण पाकळ्या कोरड्या तव्यावर भाजाव्यात. टोमॅटोची साल काळी पडून फाटली पाहिजे आणि आतला गर मऊ झाला पाहिजे. मिरच्यांवर फोड आले आणि लसूण सालीतच मऊ झाला, की तो आधी काढून घ्यावा, नाही तर कडवट होतो. माझ्या शेजारच्या आजी हे सगळे तीन पायांच्या दगडी खलात, मोल्काहेतेमध्ये, वाटतात : प्रथम जाडे मीठ आणि लसूण, त्यावर मिरच्या, मग कांदा आणि अगदी शेवटी एकेक टोमॅटो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टोमॅटोचे पाणी आधी सुटले की मिरची आणि लसूण बत्त्याखालून निसटत राहतात आणि नीट वाटले जात नाहीत. मिक्सर वापरल्यास तो क्षणभर फिरवून थांबवावा, साल्सा भरडच राहू द्यावा आणि काळी पडलेली थोडी साल त्यात राहू द्यावी.

यापुढची पायरी पुष्कळ पाककृतींत गाळलेली दिसते. वाटलेला साल्सा तसाच अंड्यावर ओतला तर त्याला कच्चट वास येतो, म्हणून तो तेलात शिजवावाच लागतो. पसरट कढईत ३ चमचे तेल चांगले तापवून त्यात वाटण एकदम ओतावे. ते जोरात चरचरले पाहिजे, चरचरले नाही तर तेल पुरेसे तापलेले नव्हते असे समजावे. सुरुवातीला त्याचा रंग फिकट, गुलाबीसर असतो आणि वर फेस दिसतो. आठ-दहा मिनिटांत फेस बसतो, रंग विटकरी होतो आणि कडेने तेल सुटू लागते. मीठ तेव्हाच चाखून पाहावे.

टॉर्टिया वाढण्यापूर्वी बेताच्या गरम तेलात प्रत्येक बाजूने दहा-बारा सेकंद बुडवून काढावी. या तेलामुळे तिच्यावर पातळ थर येतो आणि साल्सा लगेच आत मुरत नाही. ती कुरकुरीत होऊ देऊ नये, सहज दुमडता आली पाहिजे. आदल्या दिवशीची, किंचित सुकलेली टॉर्टिया येथे ताजीपेक्षा चांगली, कारण ती तेल कमी पिते. मग त्याच कढईत अंडी फोडून, चमच्याने गरम तेल पांढऱ्यावर उडवत, कडा खरपूस आणि बलक पातळ राहील अशी तळावीत. ताटलीत दोन टॉर्टिया, प्रत्येकीवर एक अंडे आणि पांढऱ्या भागावर साल्सा वाढावा, बलक मात्र उघडा ठेवावा. बाजूला घोटून परतलेला घेवडा, अवोकाडोच्या फोडी आणि चुरलेले ताजे, खारट चीज ठेवावे. घरातल्या सगळ्यांना आधी बसवून मग अंडी तळायला घ्यावीत, कारण हे ताट वाट पाहू शकत नाही.

---

माजघर (पुणे)

फार उपयुक्त लेखन आहे. माझा एक मूलभूत प्रश्न आहे. आमच्याकडे मक्याचे पीठ नेहमी असते आणि उकळत्या पाण्यात मळून त्याची भाकरी उत्तम होते, तर टॉर्टियाऐवजी तीच भाकरी पातळ थापून का चालू नये? चुन्याची प्रक्रिया केवळ परंपरा म्हणून करतात, की तिच्यामुळे पिठाच्या गुणधर्मात खरोखर फरक पडतो? दुकानात मिळणाऱ्या तयार टॉर्टिया पाहिल्या तर त्या मैद्याच्या निघतात, त्यामुळे दुसरा मार्गही सुचत नाही.

---

पाटावरवंटा

माजघर, फरक खरोखरच पडतो. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात मक्याच्या सालीतील बंध सैल होऊन ती सुटते, आणि दाण्यातील काही भाग चिकट होऊन पिठाला धरून ठेवतो. साध्या मक्याच्या पिठात हे होत नाही, म्हणून भाकरीसाठी आपण उकळत्या पाण्याचा आधार घेतो. तशी भाकरी गरम असताना सुरेख लागते, परंतु २ मिलिमीटरपर्यंत पातळ केल्यास तेलात तिचे तुकडे पडतात आणि साल्साखाली ती विरघळते. चवीचाही प्रश्न आहे, कारण टॉर्टियाचा तो विशिष्ट, मातकट-गोडसर वास चुन्याशिवाय येत नाही.

पोषणाचे कारण तर याहून मोठे आहे. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते आणि शरीराला ते फारसे मिळत नाही, चुन्यात शिजवल्यावर ते मोकळे होते. युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांचे पोट निव्वळ मक्यावर अवलंबून राहिले आणि तेथे नायासिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्राने हजारो माणसे मेली, पण मेक्सिकोत शतकानुशतके मका खाऊनही हा रोग तसा पसरला नाही. येथील बायकांनी रसायनशास्त्र न शिकता जे जपले, त्याविषयी मला अतिशय आदर वाटतो.

घरी करायचे असल्यास १ किलो वाळलेला पांढरा किंवा पिवळा मका घ्यावा (स्वीट कॉर्न किंवा पॉपकॉर्नचा मका नको), ३ लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा चुना विरघळवून त्यात मका घालावा आणि मंद आचेवर पाऊण तास शिजवावा. दाणा चोळल्यावर साल निसटली पाहिजे, पण दाण्याच्या मध्यभागी अजून कणी लागली पाहिजे. मग झाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावा. पानाच्या दुकानातला साधा, सुगंध नसलेला चुना चालतो. तो ओला असल्यामुळे वजनाने दुप्पट घ्यावा. भिंतीला लावायचा चुना कदापि घेऊ नये. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याचा परिणाम होतो.

---

कृष्णाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

घेवड्याविषयी लेखात एकच ओळ आहे, म्हणून थोडी भर घालतो. मेक्सिकोत उत्तरेकडे आणि मध्य भागात जो ठिपक्यांचा पिंतो वापरतात, तो आणि आपला राजमा-घेवडा एकाच जातीच्या वनस्पतीचे आहेत. आमच्या भागात होणारा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, या कामासाठी मी आवर्जून सुचवतो. त्याची साल पातळ असते, तो लवकर शिजतो आणि घोटल्यावर मऊसूत होतो.

रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नव्या पाण्यात कांद्याची एक फोड घालून तो कुकरमध्ये पूर्ण शिजवावा, घेवडा अर्धकच्चा ठेवणे पोटाला बाधते. शिजल्यानंतरच मीठ घालावे आणि शिजवलेले पाणी जपून ठेवावे. नंतर कढईत बारीक चिरलेला कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतून, कांदा काढून घेऊन त्याच तेलात घेवडा थोडा-थोडा घालत रवीने किंवा पावभाजीच्या घोटणीने घोटावा आणि ते पाणी लागेल तसे सोडावे. कढई हलवली की गोळा एका बाजूला सरकतो, तेव्हा तो झाला असे समजावे. मूळ पद्धतीत डुकराची चरबी असते, आमच्या घरी ती चालत नाही, म्हणून शेंगदाण्याचे तेल घेतो. त्याने चव वेगळी होते हे खरे, पण कमी होते असे मला वाटत नाही.

---

उंबरठा (ह्यूस्टन)

मी टेक्सासमध्ये राहतो. येथील उपाहारगृहांत याच नावाखाली गव्हाची टॉर्टिया, वरून वितळलेले पिवळे चेडर चीज आणि जिरे घातलेला सॉस मिळतो. पाटावरवंटा यांनी दिलेली पद्धत मध्य मेक्सिकोची आहे हे मान्य केले, तरी गव्हाच्या टॉर्टियाला परकी ठरवणे योग्य होणार नाही, असे मला वाटते. सोनोरासारख्या उत्तरेकडील राज्यांत गहू शेकडो वर्षांपासून पिकतो आणि तेथे गव्हाची मोठी, पातळ टॉर्टिया हेच रोजचे खाणे आहे. वाळवलेल्या गोमांसाच्या कीसात अंडी परतून केलेली तिकडची माचाका न्याहारी मक्याच्या टॉर्टियाबरोबर मला तरी अपुरी वाटते. सीमेच्या अलीकडचे लोकही बहुतांशी त्याच भागांतून आलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या ताटाला बिघडलेले मेक्सिकन ताट म्हणू नये.

---

पाटावरवंटा

उंबरठा, उत्तरेविषयी तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि माचाकाबरोबर मीही गव्हाचीच टॉर्टिया घेईन. वेवोस रांचेरोसच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि ते परंपरेच्या आग्रहापोटी नाही. गव्हाच्या टॉर्टियावर गरम साल्सा पडला की ती चिवट होते आणि काट्याने तुटत नाही, मक्याची मात्र बलक आणि साल्सा शोषूनही घासाबरोबर तुटते. चेडरविषयी माझा आक्षेप असा, की वितळलेल्या चीजचा थर बलकाला साल्सात मिसळू देत नाही, आणि या पदार्थाची गंमत तर त्या मिसळण्यातच आहे. जिरे येथे या साल्सात सहसा दिसत नाही. आपल्याला फोडणीची सवय असल्यामुळे जिरे घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, अन्यथा साल्सा टोमॅटोच्या चटणीकडे झुकतो.

---

खलबत्ता (नागपूर)

वेवोस आ ला मेक्सिकाना या नावाचा पदार्थ आपल्या भुर्जीच्या फार जवळचा दिसतो. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी, इतकेच त्यात असते. मिरची आणि टोमॅटो मुळात तिकडूनच आपल्याकडे आले आहेत, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे नसावे. कोणी दोन्ही करून पाहिले असल्यास फरक सांगावा.

---

दर्यावर्दी (मडगाव)

खलबत्ता, मी जहाजावर स्वयंपाकी होतो आणि दोन्ही पदार्थ पुष्कळ केले आहेत. भुर्जीत आपण कांदा लाल करतो, हळद-तिखट घालतो आणि अंडे कोरडे, मोकळे होईपर्यंत परततो. मेक्सिकोत कांदा नुसता पारदर्शक करतात, मिरची बियांसकट घालतात, टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून त्याचे घट्ट तुकडे शेवटी टाकतात आणि अंडे ओलसर असतानाच आच बंद करतात. लाल, पांढरा आणि हिरवा असे तिथल्या ध्वजाचे तिन्ही रंग ताटलीत दिसले पाहिजेत, म्हणून हळदीला त्यात वावच नाही.

युकातानमधल्या मोतुल गावाच्या अंड्यांचाही येथे उल्लेख व्हायला हवा. मेरिदाच्या पूर्वेस असलेल्या या गावाच्या नावाने वेवोस मोतुलेन्योस ओळखली जातात. तळून कुरकुरीत केलेल्या टॉर्टियावर काळ्या घेवड्याचा थर, त्यावर तळलेले अंडे, मग टोमॅटोचा साल्सा, मटार, हॅमचे तुकडे आणि चीज, आणि बाजूला पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप असतात. साल्सात आबानेरो मिरची अख्खी सोडतात आणि ती फुटू देत नाहीत, त्यामुळे वास येतो पण तिखटपणा आटोक्यात राहतो. १९२२ ते १९२४ या काळात युकातानचे राज्यपाल असलेले फेलिपे कार्रियो पुएर्तो मूळचे मोतुलचे, आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी हा पदार्थ प्रथम केला गेला असे तिकडे सांगतात. केळ्यांसाठी आपल्याकडची राजेळी केळी उत्तम. गोव्यात ती सहज मिळतात आणि तळल्यावर आकार सोडत नाहीत.

---

रसभरी (अमरावती)

दोन अंड्यांवर दोन वेगळे साल्सा घालून मधे घेवड्याची भिंत करतात, त्या वेवोस दिवोर्सियादोससाठी हिरवा साल्सा लागतो. त्यात जे हिरवे, पातळ आवरणातले टोमातियो असते ते आपल्याकडे मिळत नाही. कच्चे टोमॅटो चालतील का?

---

पाटावरवंटा

रसभरी, कच्च्या टोमॅटोला आंबटपणा येईल, पण टोमातियोचा दाटपणा आणि फळासारखा वास येणार नाही. योगायोगाने तुमच्या नावाचे फळ टोमातियोचे जवळचे नातेवाईक आहे, आणि किंचित कच्च्या रसभरी मिळाल्या तर त्या अर्ध्या आणि कच्चे टोमॅटो अर्धे असे मिश्रण सर्वांत जवळ जाते. हा साल्सा भाजण्याऐवजी उकडून करावा. फळांचा हिरवा रंग जाऊन ती फिकट झाली की लगेच पाण्यातून काढावीत, अधिक उकडल्यास ती फुटून कडवट होतात.

---

माजघर

सांगितल्याप्रमाणे निश्तमाल केला. मका सुरेख शिजला, साली हातात आल्या आणि घरभर टॉर्टियाचा तो वास पसरला. अडचण वाटताना आली. मिक्सर पाण्याशिवाय फिरेना आणि पाणी घातल्यावर वाटण इतके सैल झाले की गोळी होईना. शेवटी त्याची धिरडी घातली, ती सर्वांना आवडली, पण टॉर्टिया राहिली ती राहिलीच. यावर काही उपाय आहे का?

---

पाटावरवंटा

ही अडचण येथेही येते, म्हणून शहरांतले बहुतेक लोक निश्तमाल घरी न वाटता गिरणीतून वाटून आणतात, किंवा सरळ दुकानातून किलोच्या हिशेबाने गरम टॉर्टिया घेतात. तुमच्याकडे इडलीचा दगडी रगडा असल्यास तो वापरा. धुतलेला मका चाळणीत तासभर निथळू द्या आणि रगड्यात मूठमूठ घालत, हात ओला करण्यापुरतेच पाणी शिंपडत वाटा. मिक्सरच वापरायचा असल्यास मका एका वेळी एकच वाटी घ्या, थांबून-थांबून फिरवा आणि वाटण सैल झालेच तर त्यात निश्तमालाचे कोरडे पीठ दोन-तीन चमचे मिसळून अर्धा तास मुरू द्या. साधे मक्याचे पीठ मिसळू नका, त्याने भेगा पडतील.

गोळा तयार झाल्यावर तो त्याच दिवशी संपवावा, कारण तो लवकर आंबतो. भाजलेल्या टॉर्टिया मात्र फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. पहिल्या दिवशी गरम खा, दुसऱ्या दिवशी वेवोस रांचेरोससाठी वापरा, आणि त्यानंतर ज्या कडक होतील त्यांचे त्रिकोणी तुकडे तळून, उरलेला साल्सा गरम करून त्यात घोळवा आणि वर एक तळलेले अंडे ठेवा. त्याला येथे चिलाकिलेस म्हणतात आणि रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत तेच होते.